दोन डिस्क आणि पायलचं पान

सोम. २२ सप्टेंबर
बॅकअप पुन्हा अडला. ‘डिस्क भरली.’ महिन्यात तिसऱ्यांदा. एक डिस्क इथे अमरावतीला दवाखान्यात, दुसरी अकोल्याला जठारपेठेत आईच्या कपाटात, दर शनिवारी अदलाबदल. दवाखाना जळाला तरी अकोल्यात एक प्रत राहील, ही अक्कल माझीच. आज सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला : ‘डिस्क जोडताच आधीची प्रत पुसून नवी घ्या.’ टिक केली. सुरळीत! डॉक्टर मॅडमना म्हटलं, आता बघायलाच नको. फारच शेखी मिरवली.

शनि. २७
अकोला. या वेळी एकही डिस्क इथे ठेवली नाही, दोन्ही सोबत नेते आहे. दसऱ्याला दोन्ही पूजेला हव्यात. आई म्हणे, “एक तं ठेवून जा, नेम कायले मोडतं?” चार दिवसांचाच प्रश्न, म्हटलं.

गुरु. २ ऑक्टो. दसरा
दवाखान्यात यंत्रांची पूजा. सिस्टर कुंदा : “दोनी लावा ना ताई, लाइट लागू द्या. बंद यंत्राले काय पूजता?” लावल्या. दिवे लुकलुकायला लागले, हळद-कुंकू, झेंडू. फार छान दिसलं. मग रीतीप्रमाणे यंत्रांना विश्रांती. मेन स्विच मीच बंद केला. सुखात घरी आले.

शुक्र. ३
कॉम्प्युटर सुरू होत नाही. आत नुसती टकटक. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली, बॅकअप हाये ना? “एक नाही, दोन आहेत,” मी. हसून.
त्याच्या लॅपटॉपला पहिली लावली. जुनं काहीच नाही, एक अर्धवट फाइल, उघडत नाही. दुसरी लावली. तेच.
काल दोन्ही जोडल्या तेव्हा दोन्ही पुसल्या गेल्या, आणि नवी प्रत अर्ध्यावर असताना मी वीज घालवली. हे उभ्याउभ्या कळलं.
साडेतीनशे पेशंट. बाकीच्यांचं पुन्हा लिहून काढता येईल. पायलचं काय?

शनि. ४
मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
पायल, तिवशाची, चौदा वर्षांची, सिकलसेल. दर महिन्याला रक्त. सहा वर्षांपूर्वी गट जुळवून दिलेलं रक्तसुद्धा अंगावर उलटलं होतं, पाचव्या दिवशी लघवी काळी, मरता मरता वाचली. रक्तातला कोणता घटक तिला चालत नाही, ते तेव्हा तपासून तिच्या पानावर लाल अक्षरात लिहिलेलं. ती लॅब कधीच बंद झाली. कागदी रजिस्टरं उन्हाळ्यात मी रद्दीत दिली, सगळं कॉम्प्युटरवर चढवलं म्हणून.
तिच्या आईला, रेखाताईंना फोन केला. कार्ड आहे का?
“कार्ड तं तुमीच जमा केलं होतं ताई, कम्प्युटरात टाकाले.”
हो. तेही रद्दीत. दोन्ही डिस्क कुरिअरने पुण्याला पाठवल्या. तीन आठवडे लागतील, आणि खात्री नाही.

सोम. ६
पायलची नवी तपासणी. कोणता घटक चालत नाही, ते रिपोर्टमध्ये दिसतच नाही. मॅडम म्हणाल्या, “इतक्या वर्षांनी दिसेनासं होतं, पण शरीर विसरत नाही. चुकीची पिशवी लागली की परत उसळतं.” हिमोग्लोबिन साडेचार. थांबता येत नाही.

मंगळ. ७
मॅडमनी दार लावून घेतलं. “पान तू टाइप केलंस. डोळे मिट. आठव.”
मिटले. लाल अक्षरं दिसतात. मोठा के. केल, त्या घटकाचं नाव. पण ते पायलच्या पानावर होतं की आधीच्या मुलाच्या? शपथेवर नाही सांगू शकत. म्हटलं, “केल. मला वाटतं.” मॅडमनी ‘केल’ नसलेली पिशवी मागवली. आणखी दोन घटक टाळले, सगळे टाळून पिशवी मिळत नाही म्हणाल्या.
रक्त चढताना मी दारातच उभी. पायल मोबाइलवर गाणी ऐकत होती, मला म्हणाली, “ताई, तुमी घामाघूम काहून झाल्या?” त्रास काही झाला नाही. पण उलटतं ते चार-पाच दिवसांनी, कधी दहा.

शुक्र. १०
रेखाताईंना रोज फोन करते. लघवी कशी आहे?
“पिवळीच हाये. तुमी रोज काहून पुसून राहिल्या?”
नेहमीची चौकशी, म्हटलं. खोटं. भ्याड आहे मी, दुसरं काही नाही.

रवि. १२
सकाळी रेखाताईंचाच फोन. पायलच्या अंगात कणकण, कंबर दुखते. डोळे?
“डोळे तं तिचे नेहमीच पिवळे राहतात.”
लघवी?
“अजून गेली नाई. झोपून हाये.”
मग सांगितलं. डिस्क, स्विच, रद्दी, कार्ड, आणि पिशवी माझ्या आठवणीवर दिली हेही. तिला उठवा, लघवीचा रंग बघा, कसाही असो, गाडी करून इकडे या. मॅडमना मेसेज टाकलाय, त्या निघाल्या.
रेखाताई म्हणाल्या, “हे मंगळवारीच सांगाले पायजे होतं, ताई.” फोन ठेवला नाही. मीही नाही.
कानाला लावूनच लिहिते आहे. पायलला हाक मारल्याचं ऐकू आलं. ती उठली. न्हाणीची कडी वाजली