सप्त्याआधीचा चुना

शनिवार, चैत्र शुद्ध अष्टमी. शहापूर.

आज किन्हवलीकडच्या त्या गावात गेलो, तर मारुतीच्या देवळाची भिंत पांढरीशुभ्र. दिवाळीनंतर गावोगावच्या भिंतींवर चित्रं काढून घेणाऱ्या आमच्या संस्थेनं तिच्यावर भातलावणीचं चित्र काढून घेतलं होतं. आमची चित्रकार सुनंदा महिनाभर परांचीवर चढून रंगवत होती.

पुजारीबुवा हसत म्हणाले, "सप्ता बसतोय ना, सर. दरसाल चुना मारतो आमी. चित्र चांगलंच व्हतं, नाय म्हनत नाय. पन सप्त्याला देवाची भिंत सफेद नको? रागावला नाय ना?"

रागावू कुणावर? लहानपणी आमच्या गावच्या देवळाला मीही असाच चुना मारलाय. मग भिंत निवडताना हे सुचलं कसं नाही? भिंतीला हात लावून पाहिला तेव्हा चुना ओलाच होता. चुन्याचा वास अजून बोटांना येतोय.

सुनंदाला कळवायला हवं. फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला. आमचे विश्वस्त तर म्हणतील, दुसरी भिंत बघा.

खरं लिहायचं तर दिवे लागल्यावर ती कोरी भिंत मला फार सुंदर वाटली. नकळत हात जोडले गेले. संस्थेचा अध्यक्ष मीच. हे सांगू कुणाला?