कॉर्डची बदली

सोम., ३ फेब्रु.
तारीख सईने घातली. बाकी मी सांगेन तेच लिहायचं, असं ठरलंय. सकाळी मेधा, म्हणजे माझी सून, व्हाइटफील्डच्या ऑफिसच्या कॅबसाठी निघताना सईच्या कानाशी म्हणाली, ‘बदलीचं आईंना एवढ्यात सांगू नकोस.’ मला दिसत कमी असेल, ऐकू येतं. नवऱ्याच्या नोकरीपायी बदली हा शब्द मला झोपेतही ऐकू येतो. सईला विचारलं, कुणाची गं बदली? ही बया पियानोकडे बोट दाखवून म्हणते, ‘कॉर्डची, आजी.’ सरी, म्हटलं, इथल्या कानडीत ‘बरं’. कॉर्डची तर कॉर्डची.

मंगळ.
मेधाची मोठी बॅग माळ्यावरच आहे. दोनदा बघून आले.
सईला बसवलं, दाखव तुझी बदली. मी कंटाळेन असं वाटलं असणार तिला. कॉर्ड म्हणजे एकदम दाबायचे सूर, हिच्या जॅझमध्ये बहुतेक चार. गाणं घरी, म्हणजे आपल्या ‘सा’वर, पोचायच्या जरा आधी एक कॉर्ड येतो. तो काढून भलताच, लांबचा बसवायचा. चाल तीच. दोन्ही वाजवले. पहिल्याने घरी आले. दुसऱ्यानेही घरीच, पण मागच्या जिन्याने. परका बसवलास तरी घर सापडतं कसं? तर म्हणे क्लासला उशीर होतोय. पळाली.

गुरु., ६
आज सईला धरलंच. त्या चारांतले दोन सूर एकमेकांना पाण्यात पाहतात. म्हणून तर कानाला चैन पडत नाही, घरी चल म्हणतो. बदली करताना ते दोघे ठेवायचे. समजूतदार दोघांना काढून नवे आणायचे. भांडणाऱ्यांचा फक्त मान बदलतो, खालचा वर, वरचा खाली.
विचारलं, त्या दोघांतला एक काढलास तर?
वाजवलं तिने. गोड होतं. कुठे जायची ओढच नाही, नुसतं बसून राहिलं.
म्हटलं, बंद कर. कुठे चाललीय तुझी आई?
‘पुण्याला. मोठी पोस्ट आहे, दोन वर्षं. सोमवारपर्यंत कळवायचंय.’
सई रडली. ते लिहीत नाही म्हणते. लिही.

शनि.
घरात आम्ही चौघं. समजूतदार दोघांतली एक, सई, हे लिहितेय, दुसरा, माझा मुलगा, फोनमध्ये तोंड खुपसून बसलाय.
जेवताना मुद्दाम म्हटलं, आमटीत स्वल्प गूळ हवा होता. मेधा म्हणाली, ‘डॉक्टरांना विचारून घालते.’ फार बरं वाटलं. मग उठून गूळ घेऊनही आली. ते नाही आवडलं.

रवि., ९
दुपारी मेधा माझ्या खोलीत आली, दार लोटलं. मला कळलंय हे तिला कळलंय. ‘आई, तुमचं काय म्हणणं? तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगते त्यांना.’
लग्न होऊन आली तेव्हापासून कशात मला विचारलं नाही, आणि विचारलं ते हे. जा म्हटलं तर जाईल. नको म्हटलं तर राहील, आणि उद्यापासून माझ्याशी भांडायची नाही. नुसती सेवा करेल. तेही जाणंच.
म्हटलं, चहा पिताना सांगते.
आता आधण ठेवल्याचा आवाज आला. सई विचारतेय, आजी, पुढे काय लिहू?
म्हटलं, कोरी जागा सोड.