टिकली देवाकडं गेलीया

१० नोव्हेंबर, रविवार. कोडोली

चर्चात सुगीचा सण. सगळ्यांनी देवाला वाहायला काय काय आणलंतं, जोंधळं, भोपळं, नारळ. सासूनं एस्तूची कोंबडी चर्चच्या लिलावाला दिली. मला, पोरीच्या आईला, इचारलं न्हाय, एस्तूला बी न्हाय. टिकली. पिल्लू होती तवापास्नं पोरीनं हातावर वाढवलेली.

मी आडवं गेलो तर म्हणती, "पोरीचं आपरेशन नीट होणार. त्याचं उपकार आधीच मानायचं. ह्यालाच इस्वास म्हणत्यात."

आधीच? काळजाचं भोक अजून हाय तसंच हाय. उपकार कशाचं?

पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, लेकरासारखा विश्वास ठेवा. लेकरू मागच्या बाकावर रडत बसलंतं. त्यांनी मान वळवून बघितलं बी न्हाय.

घरी एस्तूला म्हणालो, टिकली देवाकडं गेलीया. रडं थांबावं म्हणून. लगेच थांबलं.

१३, बुधवार

टिकली घेतली त्या घरची बाई नळावर भेटली. "पावणं आलतं, त्यास्नी केली की वो. लई ग्वाड लागली."

घागर भरली. आलो.

१९ ला आपरेशन. एस्तू पाच वर्साची हाय. चार पायऱ्या चढली की ओठ निळं.

प्रार्थना बंद केली. सासूनं इचारलं. म्हणालो, तोंड दुखतंय.

१६, शनिवार

एस्तू अंगणात पोरींना सांगत होती, "मी मंगळवारी देवाकडं जाणार. टिकलीला बघतो आणि मग शाळंला येतो."

हातातलं ताट पडलं.

ती भीत न्हाय ती ह्याच्यापायी. आणि सासू गल्लीभर सांगत सुटलीया, "बघा माझ्या नातीचा इस्वास!" इस्वास न्हवं ओ आत्या, माझी थाप हाय ती.

आणि देवा, तुझी बी थापच असली तर? तुलाच इचारतोय. राग आला तर मला शिक्षा कर. न्हाय, मला बी करू नगो. पोरीला कोण बघंल.

१८, सोमवार. कोल्हापूर, दवाखाना, दुपार

एस्तूला खरं सांगायचं ठरवलं. हे म्हणाले, "आता नगो. भिऊन जाईल." सासू तर अंगावरच आली. "उद्या आपरेशन आणि आज पोरीचा इस्वास मोडतीस? सैतान हाईस."

"व्हय, हाय. आत्या, तुमी बाहेर जावा."

सांगितलं. टिकली देवाकडं गेली न्हाय. माणसांनी खाल्ली. मी खोटं बोललो.

लई रडली. मला चापट मारली. मग,

"मला बी कापणार?"

"छातीला कापणार. आणि शिवणार."

"दुखणार?"

"झोपवत्यात. जागी झालीस की दुखणार."

"तू असशील?"

"आत येऊ देत न्हाईत. दाराबाहेर असणार."

बघत बसली माझ्याकडं. "आता खरं बोलतीयास?"

"व्हय."

मला वाटलंतं, आता माझं काय बी खरं धरणार न्हाय. ज्या हातानं मारलं त्योच हात माझ्या उजव्या हातात दिला आणि झोपली. सोडवून घ्यायला जीव हुईना. डाव्या हातानं लिवतोय म्हणून अक्षर असं.

परत इस्वास ठेवणं तिला सोपं हाय. मला ते जमत न्हाय, देवा. माझ्यासंग तू एकदा तरी खरं बोललाईस का?

१९, मंगळवार

सकाळी नेली आत. दारापाशी नर्सला म्हणाली, "माझी आई हितंच हाय." भीत होती. तरी गेली.

सासू गुडघ्यावर. मला म्हणती, "ये की." न्हाय गेलो. आधी उपकार मानणार न्हाय. टिकलीचं बी माफ केलेलं न्हाय.

चार तास म्हणालते. पाच झालं. कोण काय सांगत न्हाय.

देवा, एस्तूला मी सांगितलेलं न्हाय की आत तू हाईस. मलाच ठावं न्हवतं, मग परत खोटं कशाला.

पर आसलास तर ऐक. मी दाराफुडनं हलत न्हाय. तू आतनं हलू नगंस.