मैदान आखडलंय का?

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तू वेळेवर जेवतेस का, हे आईने विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते. बाबांची पाठ बरी आहे, पण कुणी चौकशी केली की लगेच दुखायला लागते. माझी चाचणी परीक्षा झाली. गणितात कशीबशी सुटले, बाकी बरं आहे.

पुढे लिहिलंय ते फोनवर का नाही सांगितलं, असं म्हणशील. फोन लागला की आई शेजारी येऊन बसते आणि मी ‘हो’ आणि ‘मजेत’ यापलीकडे जात नाही.

भिंगरी छान आहे. तू सुट्टीत पाहिलीस तेव्हा ती माझ्या बाजूने भीतभीत पळायची. जन्मापासून काहीच दिसत नाही अशी मुलगी पंधराशे मीटर पळणार म्हटल्यावर आईने तोंडावर हात ठेवला होता, आठवतं? आता ती खरंच भिंगरी झालीय. हातभर दोरीचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि मी बोलत राहते. ‘सरळ.’ ‘वळण येतंय.’ ‘वळण.’ वर्गातही तिच्या शेजारी मीच बसते, फळ्यावरचं वाचून दाखवते. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी आम्हाला दोघींना पुढे बोलावलं. खेळाचे सर म्हणाले, “जोडी असावी तर अशी!”

महिनाअखेरीस निवड चाचणी आहे. तिथे पहिली आली तर तिला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळेल आणि पुढचं सगळं शिक्षण तिथेच होईल. तिच्या आईने आतापासून पेटी भरायला घेतलीय.

परवा सरावानंतर बूट काढताना भिंगरी म्हणाली, “काय गं, आपलं मैदान आखडलंय का?”

“म्हणजे?”

“हल्ली वळण फार लवकर येतं.”

“तू जोरात पळतेस, मग लवकर येणारच की!”

ती हसली. “मग सरांच्या घड्याळात माझी वेळ का कमी होत नाही? ते आजारी आहे का?”

मीही हसले. नंतर पाणी प्यायला नळावर गेले आणि तिथेच उभी राहिले.

ताई, ‘वळण येतंय’ म्हटलं की ती पाऊल आखूड करते. मी ते लवकर म्हणते. वळण अजून लांब असतं तेव्हाच म्हणते. कारण त्या वेळी माझा श्वास संपलेला असतो. मला तेवढी उसंत लागते.

ती माझ्यापेक्षा जोरात पळते आता. खूप जोरात. पहिल्यांदा चुकून झालं. आता चुकून होत नाही.

मी सकाळी एकटी जाऊन पळून पाहिलं, जिने चढून पाहिले. फरक पडला, पण तिच्यात जास्त पडतो. सांगायला गेले की मी बुटाची नाडी बांधत बसते. शाळेच्या शर्यतीत मी एकटी पळाले तेव्हा शेवटून दुसरी आले होते आणि शेवटच्या मुलीचा पाय मुरगळला होता. घरात पळणारी म्हणजे तू. दोरी हातात आली तेव्हापासून आई शेजारच्या काकूंना ‘आमच्या दोघी पळतात’ असं सांगते. हे वाचून हसू नकोस.

दोरी धरणारी व्यक्ती शाळेबाहेरची चालते. मी सरांना सहज म्हणून विचारलं. मात्र नाव पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे आणि ती धापा न टाकता भिंगरीच्या बाजूने पळणारी हवी. तू कॉलेजच्या संघात आहेस. तुझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, तेही मला माहीत आहे. तरी विचारते. येशील?

दुसरं कुणी सुचत असतं तर तुला विचारलं नसतं, हे खरं लिहिते.

हे पत्र टपालपेटीत टाकूनच मी मैदानावर जाणार आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. भिंगरीला काय सांगायचं, त्यातलं पहिलं वाक्य ठरवलंय. त्याच्या पुढचं सुचत नाहीये. ती दोरी सोडून देईल का? माझ्याशेजारी बसेल का? सकाळी पोळी ताटात तशीच राहिली. आई विचारते, काय झालं? मी म्हणते, गणित.

आलीस तर सगळं शिकवते तुला, कुठे काय म्हणायचं ते. वळण मात्र वळणावरच सांग. आणि ताई, मी बाजूला उभी दिसले तरी माझ्याकडे बघून हळू होऊ नकोस.

तुझीच,
छोटी