तारखेत न बसलेला भाऊ

इंदापूर, १७ जुलै २०२४

ती. ऋषिदादास, स्वरूपाचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू मीटिंगात असतोस, म्हणून हा कागद. कारगिल विजय दिवसाची तुमची पत्रिका मिळाली. आईचं नाव 'वीरमाता' म्हणून जाड अक्षरात, अन् स्मारकाच्या दगडावर चार नावांत आपला गोकुळदादा न्हाय! का, तर लढाई सव्वीस जुलैला संपली आणि तो सुरुंग काढताना नऊ ऑगस्टला गेला. मग तो सुरुंग काय वरातीतला फटाका होता? आणि स्मारक समितीचा सचिव कोण, तर त्याचाच सख्खा भाऊ! आईला मी इकडं घेऊन आलेय. रिकाम्या खुर्चीला घाला शाल.

रागातसुद्धा तुझीच,
स्वरूपा

मळा, २१ जुलै

चि. स्वरूपास, अनेक आशीर्वाद.

लहानपणीपण तू अशीच ताट आपटायचीस. अगं, यादी तारखेवर झाली, दगड कोरून आला, पाहुणे ठरले. आता नाव कुठं घालू, कडेला? आईला फक्त पंधरा मिनिटं बसायचंय. पंचवीस वर्षांनी कुणीतरी तिला विचारतंय, त्यात खोडा घालू नको. पंचवीसला गाडी पाठवतो. जावयांना नमस्कार. तिखट कमी खा, माया पातळ करू नको.

ऋषिराज

मळा, २७ जुलै

ती. आत्यास, संस्कृतीचा शि. सा. न.

गाडी रिकामी आली अन् पप्पांचं डोकं फिरलं. खुर्ची मोकळी दिसू नये म्हणून त्यांनी शेजारच्या प्रयागबाईला आजीच्या जागी बसवलं! गप शाल घे, म्हातारीत म्हातारी कोण ओळखतंय, असं तिला सांगितलेलं. पाहुण्यांनी माइक पुढं धरून मुलाचं नाव विचारलं. तर ती म्हणाली, मी कुणाचीच आई न्हाय, मला आणून बसवलंय. गोकुळची आई रुसून इंदापूरला हाय, आन त्याचं नाव दगडावर का न्हाय ते ह्या ऋषीला इचारा.

पप्पांनी माइक बंद केला. पण प्रयागबाईला कसला माइक? ओढ्यापलीकडची म्हैस हाकेवर आणणारी बाई ती. तिनं तेच पुन्हा सांगितलं, पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. सगळं गाव पप्पांकडं बघत होतं अन् पप्पा नारळाची शेंडी उपटत होते.

आज सकाळपास्नं तीनदा म्हणाले, आजी कधी येणार ते विचार. मी म्हणलं, मी न्हाय विचारणार. आधी पाथरवटाला फोन लावा, मग तुमच्या आईला.

आजीच्या पाया पडते. माझ्यावर माया असू दे. पप्पांवर करायची का, ते तुमचं तुमी बघा.

संस्कृती