माझ्या तोंडावरचं सूर्यफूल

१८ जाने., रवि.
जाऊबाईंकडे हळदीकुंकू, घोडबंदरला. मला बोलावलं ‘मदतीला’. हे जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी मदतीलाच असते. वाणाच्या पिशव्या भरल्या, मसाला दूध आटवलं. कुंकू लावायची वेळ आली तशी किचनमध्ये सटकले. कुणी थांबवलं नाही.
शेवटी पुतणीने, मुग्धाने, ओढत बाहेर आणलं. “काकू, रीलमध्ये तू पण.” मोबाइलमध्ये कसलंसं फिल्टर, समोर येईल त्या चेहऱ्यावर आपोआप नथ आणि ठसठशीत कुंकू. माझ्याही आलं. बरी दिसत होते.

१९ जाने.
ऑफिसात लंचला सगळ्यांनी रील पाहिलं. सं. जाऊबाईंचा फोन. “अगं, मागे सरायचंस ना. गावाकडच्यांनी पाहिलं. मला ऐकून घ्यावं लागतंय.”
म्हटलं, मी नाही लावलं, मोबाइलने लावलं.
“तुला कळायला हवं होतं.”
काय कळायला हवं होतं?

२० जाने.
रील परत टाकलंय. अकराजणी नथीत, आणि माझ्या तोंडावर भलंमोठं सूर्यफूल. स्टिकर. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘ये सूरजमुखी कौन है’. त्याला बावीस हसरे चेहरे.
मुग्धाला फोन केला. “सॉरी गं काकू, आई ऐकेचना. परत टाकलंच नसतं तर लाइक्स कुठून मिळाले असते?”
लाइक्स. माझ्या हातचं दूध चाललं, चेहरा तेवढा नको. डोकं फिरलंय नुसतं.

२२ जाने.
सकाळी ऑफिसआधी तेच फिल्टर शोधून काढलं. वीस मिनिटं गेली. ते काही विचारत नाही, नवरा आहे का, गेला का. चेहरा दिसला की लावतं. मागे भिंतीवर यांचा फोटो. त्यांनाही लावलं. नथ, कुंकू, खाली मिशा. किती दिवसांनी इतकी हसले. मग रडले पण.
तसंच स्टोरीवर टाकलं, दोघांचं.
दु. पाहणाऱ्यांची नावं उघडली. पहिलं मुग्धा. दुसरं जाऊबाई. फोन नाही.

२३ जाने.
रविवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. डोंबिवलीत, माझ्या घरी ठेवलंय. मीच लावणार, मलाही लावून घेणार. ऑफिसच्या सगळ्या येतायत, शेजारच्या काकूंनी हो-नाही न म्हणता फक्त मान हलवली. जाऊबाईंनाही मेसेज केला, ‘या. मदतीला नाही, हळदीकुंकवाला.’
दोन निळ्या टिक्स. ‘टायपिंग’ दिसलं, गेलं. परत दिसलं.