कागद नाही, किल्ली नाही

सोलो, शुक्रवार

प्रिय निकेन,

आधी भांडतो, मग खुशाली विचारतो. उलटं केलं तर माझा राग निवेल आणि हे पत्रही आधीच्या दोन पत्रांसारखं कपाटातच राहील. नमाज आटोपून आलोय, टपरी उघडायला अजून तासभर आहे. बारा तारखेला किनंती तुझ्याकडे राहणार की तिच्या बापाकडे याची सुनावणी, आणि आपण बापलेक एका किल्लीवरून मुके होऊन बसलो आहोत. फोनवर तू विचारतेस, 'औषध घेतलंत का?' मी म्हणतो, 'घेतलं.' झालं बोलणं! हे काय बोलणं आहे?

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मायलेकी आमच्याकडे झोपला होतात. दर वर्षीप्रमाणे तुझी गाडी धुऊन, पेट्रोल भरून आणावी म्हणून दारामागच्या खिळ्यावरची माझी किल्ली घेतली. गाडीचं दार उघडलं, किल्लीही फिरली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोर काट्यांच्या मधोमध किल्लीच्या खुणेचा तो लाल दिवा मिचमिचत होता. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बॅटरी उतरली. मी चौतीस वर्षं हाच धंदा करतोय. किल्लीचे दात तेच, डोक्यातली चिप तीच, पण गाडीने तिला ओळखायचं सोडलं होतं. आणि असं आपोआप होत नाही, हे तुला मी काय सांगू! गाडी मशीनला जोडून, ठेवायच्या तेवढ्या किल्ल्या पुढे करून सांगावं लागतं, 'या दोन ठेवा, बाकीच्या सगळ्या पुसून टाका.' बाकीच्या सगळ्या म्हणजे कोण, तर तुझा बाप.

मग गाडी उभी होती तिथेच धुतली. खिडकीचा पडदा हलला तो मी पाहिला. जेवताना तू माझ्या वाटीत ओपोरच्या रश्श्यातली कोंबडीची तंगडी वाढलीस आणि किल्लीबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी ती तंगडी खाल्ली. तुम्ही निघालात तेव्हा मी हात हलवला खरा, पण आतून इतका पेटलो होतो की तुझी आई म्हणाली, 'दात-ओठ खाऊन निरोप देणारा बाप पहिल्यांदाच बघतेय.'

तो राग काढायला कुणीतरी हवं होतं. पुढच्या सोमवारी सरळ गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. मनात म्हटलं, इथल्याच कुणीतरी पोरीचे कान भरले असणार. गार हवा, चकचकीत फरशी, आणि भिंतीवर हा एवढा मोठा कागद: 'रस्त्यावरच्या किल्लीवाल्यांपासून सावध राहा.' खाली चित्र काय, तर तोंडाला फडकं बांधलेला चोर, हातात किल्ली! मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, 'बाई, हा चोर कोण?' ती गोड हसली. 'काका, कुणी विशिष्ट नाही हो. पण बाहेर केलेल्या किल्लीची खात्री नसते ना.' मी म्हटलं, 'आणि तुमच्याकडे सगळ्या किल्ल्या हरवलेलं गिऱ्हाईक आलं तर?' म्हणाली, 'गाडीचा कॉम्प्युटर बदलावा लागतो. तीन आठवडे लागतील.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, कुठला कॉम्प्युटर आणि कसले तीन आठवडे! तोच कॉम्प्युटर मी चिंचेच्या झाडाखाली, छत्री खोचून, चाळीस मिनिटांत जागेवर आणतो. जुन्या किल्ल्या पुसतो, नव्या शिकवतो, आणि गिऱ्हाईक समोरच्या सूपवाल्या गियार्तीकडे वाटीभर सोतो पिऊन येईपर्यंत गाडी सुरू. यांना धड किल्ली घासता येत नाही आणि चोर म्हणे मी!

मुलीला मी ऐकवलं. म्हटलं, 'माझ्या टपरीवर या आणि पाटी वाचा.' तुला ती पाटी पाठ आहे. पाचवीत असताना तूच रंगवली होतीस, लाल अक्षरात, 'किल्ली'तली एक वेलांटी वाकडी: कागद नाही, किल्ली नाही. गाडीचं नोंदणीपत्र आणि स्वतःचं ओळखपत्र, दोन्हीवरचं नाव एकच असलं पाहिजे. नसेल तर ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला घेऊन या. मग कुणी का असेना. काळा चष्मा लावलेला तो पोलीस आठवतो? 'मलाच कागद मागतोस?' म्हणून गुरकावला, तेव्हा मी म्हटलं होतं, 'साहेब, तुम्ही तर न मागता दाखवायला हवेत.' गियार्ती आजही तिच्या गिऱ्हाइकांना सांगते, 'बसा निवांत, दुसरी वाटी घ्या. तुकिरान किल्ली करत नाही, लग्न नोंदवतो.' चौतीस वर्षांत माझ्या किल्लीने एकही गाडी चोरीला गेली नाही, असं मी त्या शोरूममध्ये छाती ठोकून सांगितलं. चार माणसं वळून बघायला लागली.

आणि बाहेर पायरीवर आल्यावर पाय थांबले. कारण ते खोटं होतं, निकेन. तुला ठाऊक आहे की ते खोटं होतं. मी भांडत सुटलो होतो ते त्या कागदावरच्या चोराचा चेहरा बघायला लागू नये म्हणून.

तेव्हा आता तेही लिहितो. गेल्या वर्षी तू दानांगचं घर सोडून, किनंतीला घेऊन सेमारांगला खोली केलीस. फोनवर मला म्हणालीस, 'बाबा, तो तुमच्याकडे आला तर त्याला काही देऊ नका.' मी हो म्हटलं, आणि मनात म्हटलं, नवरा-बायकोची भांडणं, चार महिन्यांत मिटतील. तुझ्या दंडावरचा डाग मी बघितला होता, पण त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवून टाकलं होतं. मग एका दुपारी तो आला. मला आवडतात त्या कडेला कुरकुरीत सेराबी, तांदळाच्या धिरड्यांसारख्या, केळीच्या पानात बांधून आणल्या होत्या. माझा हात घेऊन कपाळाला लावला. म्हणाला, 'बाबा, माझी किल्ली हरवली. निकेनला कळलं तर आणखी चिडेल. तुमच्याकडची आहे ना, तिच्यावरून एक करून द्या. गाडीची सर्व्हिसिंग करून तिला देतो, तेवढाच राग जाईल.' त्याच्या डोक्यावर, अगदी वर, ती पाटी होती. गाडी तुझ्या नावावर, तुझ्या पगारातून घेतलेली. मी कागद मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. सुंगकान वाटलं, संकोच. जावयाकडे कागद मागायचे? बाजारासमोर? लोक काय म्हणतील, त्याला काय वाटेल! पोलिसाला मागितले, पण जावयाची भीड मोडवेना. वीस मिनिटांत किल्ली करून दिली, वर म्हटलं, 'जपून ठेव रे.'

पुढचं तू भोगलंस. त्याने तुझ्या ऑफिससमोरून गाडी उचलली आणि थेट शाळेच्या फाटकाशी नेऊन उभी केली. बाईंनी गाडी ओळखली. किनंतीनेही ओळखली, आई आली म्हणून धावत जाऊन बसली. अकरा दिवस! अकरा दिवस पोर त्याच्या आईच्या घरी, आणि तू या चौकीतून त्या चौकीत. त्या चौकीतल्या माणसाचे शब्द तू आईला सांगितलेस ते मी भिंतीपलीकडून ऐकले: 'कुलूप फोडलं? नाही. काच फोडली? नाही. किल्ली खरी? मग ताई, हा तुमचा घरगुती मामला.' हे ऐकून मी भिंतीवर मूठ आपटली. शिव्या घातल्या त्या पोलिसांना, दानांगला, शाळेला. सगळ्यांना घातल्या. ज्याने ती खरी किल्ली केली त्याला सोडून.

मला वाटत होतं, तुला कळलेलं नाही. काय मूर्ख मी! पोर आणि गाडी परत मिळाली तेव्हा त्याने किल्ली तुझ्या अंगावर फेकली होती, असं तू म्हणालीस. म्हणजे ती तुझ्या हातात आली. माझ्या प्रत्येक किल्लीवर, भोकाच्या कडेला, कानशीने मारलेली एक बारीक तिरकी खाच असते. ही खाच मारायचं काम दहा वर्षांची असताना तुझं होतं. उलट्या बादलीवर बसायचीस, जीभ बाहेर काढून एकेक घासायचीस. ती खाच तू ओळखली नसशील कशी? ओळखलीस, आणि मला एक शब्द विचारला नाहीस. सगळ्या किल्ल्या पुसून घेतल्यास आणि ईदला येऊन मला तंगडी वाढलीस. याचाच मला राग आला होता. चार माणसांत उभं करून 'बाबा, तुम्ही हे का केलंत?' म्हणाली असतीस तर परवडलं असतं.

त्याच ईदला आणखी एक ऐकलं. तू किनंतीला म्हणालीस, 'चल, आजीसाठी फळं आणू.' पोर गाडीच्या दारापाशी थांबली आणि विचारलं, 'चालवणार कोण?' तू म्हणालीस, 'मी.' मग ती बसली. सहा वर्षांची पोर बसण्याआधी विचारते, चालवणार कोण. हे माझ्या किल्लीने केलंय.

मंगळवारी दानांग पुन्हा आला. पुन्हा सेराबी, पुन्हा कपाळाला हात. 'बाबा, ती किल्ली निकेनने काढून घेतली. तुमच्या खिळ्यावरची आहे ना, तिच्यावरून एक मारा.' मला क्षणभर हसूच आलं. खिळ्यावरच्या किल्लीने तर माझ्याच हातून गाडी सुरू झाली नव्हती! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी पुन्हा विरघळलो असतो, तरी त्या किल्लीने कुणाचंच इंजिन पेटलं नसतं. तू मला शिक्षा केली नव्हतीस. माझी भीड तू माझ्यापेक्षा चांगली ओळखतेस, एवढंच. मी त्याला म्हटलं, 'कागद दाखव.' तो म्हणाला, 'काय बाबा, चेष्टा करताय?' मी उठून उभा राहिलो आणि पाटीवर बोट ठेवलं. 'वाचता येतं ना? गाडी कुणाच्या नावावर आहे? तिला घेऊन ये.' आवाज चढला असणार, कारण गियार्ती पळी घेऊनच रस्ता ओलांडून आली. 'जावईबापू, उद्या माझ्याकडे सोतोला आलात तर मीसुद्धा कागद मागेन हं!' अख्खा बाजार हसला. त्याचा चेहरा बदलला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, 'कोर्टात मी सांगितलंय, किल्ली निकेननेच राजीखुशीने दिली आणि पोरीलाही तिनेच पाठवलं. मला खोटं पाडणारा एकच माणूस आहे. तो काय सांगणार? मी नियम मोडून किल्ली केली म्हणून? मग बसेल का टपरीवर कुणी?' आणि सेराबी तिथेच टाकून गेला. मी त्या चिंचेखालच्या कोंबड्यांना घातल्या.

त्या संध्याकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी बोलली, एवढंच: 'मग लिहीत का नाही?'

म्हणून हे लिहिलं. पत्र तुझ्यासाठी आहे, पण मागचं पान तुझ्या वकिलासाठी. त्यावर लिहिलंय की अमुक नंबरच्या गाडीची किल्ली मी, तुकिरान, किल्ली बनवणारा, मालकीण निकेन हिने स्पष्ट नाही म्हटलेलं असताना, तिला न विचारता, कागद न पाहता दानांगला करून दिली. तिने दिलेली नाही. बाराला मी पहाटेच्या बसने येतो आणि न्यायाधीशांसमोर तेच तोंडाने सांगतो. खाच कशी ओळखायची तेही दाखवतो. ती किल्ली तेवढी बरोबर आण. टपरीवर कुणी यायचं की नाही ते बाजार ठरवेल. माझी किल्ली गाडीत पुन्हा नोंदवू नकोस, मला ती नको. तुझ्या खोलीशी आलो की दार वाजवीन आणि आतून किनंतीने 'कोण?' विचारेपर्यंत बाहेर थांबेन. पानाखाली सही केली आहे, आणि चौतीस वर्षं मी दुसऱ्यांकडे मागत आलो ती गोष्ट सोबत टाचली आहे: माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स.

तुझाच, चुकलेला,
बाबा